सहा जणांच्या ऑफिसला नॅस घ्यावा का, आणि घ्यायचा तर किती मोठा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत गावभागात सीएचं ऑफिस, माणसं सहा. सगळ्या क्लायंटचा डेटा एका जुन्या पीसीवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये, साधारण ४०० जीबी. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअरही तिथंच. घर विश्रामबागला, तिथं सगळ्यांच्या फोनमधली जागा फोटोंनी भरलेली. दुकानदारानं चार डिस्कच्या नॅसचं (ऑफिसच्या नेटवर्कला जोडायच्या डिस्कच्या पेटीचं) एक लाख दहा हजारांचं कोटेशन दिलंय आणि वर सांगितलंय, "एक डिस्क गेली तरी काही होत नाही, बॅकअपची कटकटच संपली." घ्यावा का?

नॅस घ्या. चार डिस्कचा घेऊ नका. दुकानदाराच्या वाक्यातला पहिला अर्धा भाग खरा आहे आणि दुसरा साफ चुकीचा. गेली १७ वर्षं मी सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी या पट्ट्यात लहान ऑफिसांची नेटवर्क्स लावतोय. डेटा गेला म्हणून रडकुंडीला येऊन फोन करणाऱ्यांमध्ये नॅस नसलेले जेवढे असतात, जवळपास तेवढेच नॅस असलेलेही असतात.

आधी नॅसमुळे तुम्हाला नेमकं काय मिळतं ते. नॅस म्हणजे डिस्कची एक पेटी. तिला स्वतःचा छोटा प्रोसेसर आणि मेमरी असते, आत बहुधा लिनक्स चालतं, आणि ती पीसीला न जोडता थेट राउटरला किंवा स्विचला जोडायची. मग ऑफिसातल्या प्रत्येकाला ती झेड ड्राइव्ह म्हणून दिसते. आज तुमचा जुना पीसी कुणी बंद केला की सगळ्यांचं काम अडतं, ते थांबेल. प्रत्येकाला वेगळं लॉगिन देता येईल, म्हणजे काल लागलेल्या आर्टिकलला (सीए होण्यासाठी शिकाऊ म्हणून काम करणाऱ्या मुलाला) पार्टनरचा फोल्डर दिसणार नाही. कुणी चुकून फोल्डर उडवला तर नॅसवरच्या रिसायकल बिनमध्ये सापडेल. एवढ्यासाठीही नॅस घेण्यासारखा आहे. पण ही झाली सोय. डेटा वाचवणं हे वेगळं काम आहे आणि त्याचा खर्चही वेगळा धरावा लागतो.

घोळ होतो तो 'रेड' (RAID) या शब्दापाशी. (सीएच्या ऑफिसात हा शब्द जपून उच्चारावा लागतो, पण ही धाड वेगळी.) १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी एका निबंधात ही कल्पना मांडली: एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी पुष्कळ स्वस्त डिस्क एकत्र जुंपायच्या, आणि त्यातली एखादी मेली तरी काम चालू राहील अशी माहितीची वाटणी करायची. 'काम चालू राहील' एवढंच तिचं वचन आहे. दोन डिस्कच्या रेड १ मध्ये एकीवर लिहिलेलं तसंच्या तसं दुसरीवर उमटतं. म्हणजे तुम्ही फाइल पुसली की ती दोन्हीकडून पुसली जाते, आणि व्हायरसनं कुलूप लावलं तर दोन्हीकडे लागतं. पेटी चोरीला गेली तर दोन्ही डिस्क चोरासोबत जातात.

आणि 'एक डिस्क गेली तरी काही होत नाही' यातली गंमत अशी की खरोखरच काही होत नाही. म्हणूनच ते कुणाच्या लक्षात येत नाही. एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे मी गेलो तेव्हा दुसरी डिस्क मेली होती. पहिली आठ महिन्यांपूर्वीच गेलेली. ती गेली तेव्हा नॅसनं बीप-बीप सुरू केलं होतं, त्यानं सगळ्यांचं डोकं उठलं म्हणून कुणीतरी सेटिंगमध्ये जाऊन बीप बंद केला. ईमेलचा इशारा सेट केलेला होता, पण ज्याच्या ईमेलवर तो जायचा तो मुलगा नोकरी सोडून गेला होता. आठ महिने ते ऑफिस एका डिस्कवर निवांत चाललं. पुढे डेटा रिकव्हरीसाठी डिस्क पुण्याला पाठवल्या, बराच खर्च झाला, निम्म्याहून कमी परत आलं. त्यात मालकाच्या मुलीच्या लग्नाचे फोटो नव्हते, आणि मालकाला तेच हवे होते.

तेव्हापासून नॅस लावला की मी पहिलं काम करतो ते म्हणजे इशारे दोन माणसांच्या ईमेलवर आणि एकाच्या फोनवर लावणं. नॅस डिस्कच्या तब्येतीची नोंद ठेवत असतो, ती महिन्यातून एकदा बघावी. 'रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर' किंवा 'पेंडिंग सेक्टर' हे आकडे शून्यावरून वर सरकायला लागले की ती डिस्क बदलायची, मरायची वाट बघायची नाही. प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर तिच्या ट्रेच्या तोंडावर चिठ्ठीनं लावून ठेवा. मेलेली डिस्क काढायला जाऊन जिवंत डिस्क उपसणारे मी पाहिलेत. त्यातला एक मीच, २०११ साली.

आता ज्याची जास्त भीती बाळगायला हवी त्याकडे येऊ. तुमच्या ऑफिसात डिस्क मरण्यापेक्षा कुणीतरी "इन्कम टॅक्स नोटीस" नावाची अटॅचमेंट उघडण्याची शक्यता मोठी आहे. त्या पीसीवर रॅन्समवेअर (फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस) चाललं की ते सी ड्राइव्हनंतर झेड ड्राइव्हकडे वळतं, कारण त्याच्या दृष्टीनं तोही एक फोल्डरच. इथं रेड कामाला येत नाही, स्नॅपशॉट येतो. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणी डेटा कसा होता याची नोंद. नंतर बदललेलेच तुकडे वेगळे साठवले जातात, त्यामुळे जागा फार लागत नाही. आणि पीसीवरून झेड ड्राइव्हमध्ये शिरलेल्या व्हायरसचा हात तिथवर पोचत नाही, कारण स्नॅपशॉट पुसायचे तर नॅसच्या अ‍ॅडमिन लॉगिननंच शिरावं लागतं. माझ्या एका प्रिंटिंग प्रेसवाल्या ग्राहकाच्या झेड ड्राइव्हवरच्या सगळ्या फायलींची नावं एका दुपारी विचित्र झाली. दर तासाला स्नॅपशॉट लावलेला होता. दोषी पीसी शोधून नेटवर्कमधून काढला, दुपारी १ च्या स्नॅपशॉटवर मागे गेलो, चहा संपायच्या आत काम परत सुरू. तासाभराचं टायपिंग वाया गेलं, एवढंच.

म्हणून नॅस निवडताना माझी एकच अडून बसायची अट आहे: स्नॅपशॉट हवेत. सायनॉलॉजी या नॅस कंपनीच्या काही स्वस्त मॉडेलांत ते नसतात. 'बीटीआरएफएस' फाइल सिस्टिम चालते का हे मॉडेलच्या माहितीपत्रकात बघा. क्यूनॅप या दुसऱ्या कंपनीकडे त्यांची वेगळी पद्धत आहे आणि वरच्या मॉडेलांत 'झेडएफएस' ही स्नॅपशॉट देणारी दुसरी फाइल सिस्टिम. जुन्या पीसीवर ट्रूनॅस हे नॅसचं मोफत सॉफ्टवेअर टाकूनही हेच फुकटात मिळतं, पण त्यासाठी ऑफिसात एक हौशी माणूस लागतो आणि तो सुट्टीवर गेला की पंचाईत. तुमच्या ऑफिसात तसा कुणी नसावा असं धरून चालतो, नाहीतर हा प्रश्न तुम्ही मला विचारला नसता.

आकाराकडे येतो. तुमचा डेटा ४०० जीबी. हिशेबाच्या वह्या कंपन्यांना ८ वर्षं जपाव्या लागतात आणि जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने, हे मी तुम्हाला सांगायला नको. पीडीएफ, एक्सेल आणि टॅलीचा डेटा वर्षाला फार तर ६०-७० जीबीनं वाढेल. म्हणजे ४ टीबीच्या दोन डिस्क, एकीची नक्कल दुसरीवर, यात तुमची पुढची आठ वर्षं आरामात जातील. त्यातही घरचे फोटो बसतील. (४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६ दिसेल. डिस्क बनवणारे हजारानं मोजतात, विंडोज १०२४ नं. दुकानदारानं फसवलेलं नाही.)

चार डिस्क कुणाला लागतात? लग्नाचं शूटिंग करणाऱ्याला. सेकंदाला १०० मेगाबिटनं ४के व्हिडिओ घेतला तर एका कॅमेऱ्याचे तासाला ४५ जीबी होतात. दोन कॅमेरे, दोन दिवसांचं लग्न, आणि सीझनला वीस लग्नं. त्याला चार डिस्कचा रेड ५ शोभतो, कारण त्यात तीन डिस्कची जागा मिळते. तुम्ही तो घेतलात तर रिकामी जागा विकत घ्याल, आणि डिस्क चार असल्यानं त्यातली एखादी बिघडण्याची शक्यताही दुप्पट.

डिस्क 'नॅससाठी' असं लिहिलेल्याच घ्या, पण तेवढ्यावर विसंबू नका. २०२० च्या एप्रिलात उघड झालं की वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' (Red, म्हणजे लाल; वरच्या RAID शी संबंध नाही) नावाच्या नॅस डिस्कांपैकी २ ते ६ टीबीच्या काही मॉडेलांत कौलांसारखे एकावर एक चढलेले ट्रॅक वापरले होते, ज्याला 'एसएमआर' म्हणतात. रोजच्या वापरात ते कळत नाही. पण एक डिस्क बदलून नवीवर सगळा डेटा पुन्हा लिहायची वेळ आली की अशी डिस्क धापा टाकते, कधी मध्येच बसते. त्यानंतर कंपनीनं नावं वेगळी केली: 'रेड प्लस' आणि 'रेड प्रो' म्हणजे जुनी भरवशाची 'सीएमआर' पद्धत, नुसतं 'रेड' म्हणजे एसएमआर. सीगेटची आयर्नवुल्फ मालिका सीएमआर आहे. बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्या आणि जमल्यास दोन डिस्क दोन वेगळ्या दुकानांतून घ्या. एकाच खोक्यातून आलेल्या, एकाच आठवड्यात बनलेल्या डिस्क म्हाताऱ्याही सोबतच होतात.

इथं आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. २०२५ च्या एप्रिलात सायनॉलॉजीनं जाहीर केलं की त्या वर्षीच्या 'प्लस' मॉडेलांत त्यांनी मान्यता दिलेल्याच डिस्क नीट चालतील. गिऱ्हाइकांनी बराच आरडाओरडा केला आणि ऑक्टोबरात डीएसएम (सायनॉलॉजीच्या नॅसमधली ऑपरेटिंग सिस्टिम) ७.३ सोबत ही अट सैल झाली. आज अडचण नाही, पण कोटेशनमध्ये पेटी आणि डिस्क दोन्हींचे मॉडेल नंबर मागा आणि ते एकमेकांना चालतात का हे कंपनीच्या यादीत स्वतः बघा.

वेगाबद्दल लोक प्रोसेसरवर तासभर चर्चा करतात आणि पन्नास रुपयांच्या केबलवर मार खातात. साध्या गिगाबिट जोडणीतून सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात, सहा जणांना ते भरपूर झालं. पण इंटरनेटवाल्यानं फुकट दिलेल्या कित्येक राउटरांची लॅन पोर्टं १०० मेगाबिटचीच असतात. त्यातून ११ एमबी येतात. एक टीबी कॉपी करायला गिगाबिटवर अडीच तास लागतात, या राउटरवर एक दिवस आणि वर एखादा तास. तेव्हा आठ पोर्टांचा साधा गिगाबिट स्विच घ्या, नॅस आणि पीसी त्याला कॅट ६ केबलनं जोडा आणि राउटरला फक्त इंटरनेटचं काम ठेवा.

टॅली. यावर माझं मत बऱ्याच दुकानदारांना पटत नाही. टॅलीचा डेटा नॅसवर ठेवता येतो, कित्येक ऑफिसांत तसा आहे आणि चालतोही. पण टॅली चालतं प्रत्येकाच्या पीसीवर आणि डेटाचे तुकडे नेटवर्कवरून सतत ने-आण करतं. त्यात कुणी लॅपटॉपवर वायफायनं एंट्री करत असेल आणि ऐन वेळी वायफाय तुटलं, तर कंपनीचा डेटा अर्धवट लिहिलेला राहू शकतो. मग टॅलीतलं 'रीराइट', म्हणजे डेटाची दुरुस्ती, करत बसा. त्यापेक्षा एसएसडी असलेला एक चांगला पीसी टॅलीसाठी ठेवा, बाकीचे केबलनं त्याला जोडा, आणि रात्री सगळे बाहेर पडल्यावर त्या डेटाची प्रत आपोआप नॅसवर जाऊ द्या. दिवसा टॅली उघडं असताना घेतलेल्या प्रतीवर भरवसा ठेवू नका. ५ ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर कंपन्यांना हिशेबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवावा लागतो. तो नियम पाळायला ही रात्रीची प्रत हाताशी असलेली बरी.

दोन बारीक अडथळे नक्की येतील. तुमचं स्कॅन करणारं झेरॉक्स मशीन जुनं असेल तर त्याला नॅसवर लिहायला 'एसएमबी १' ही नेटवर्कवर फायली शेअर करायची जुनी पद्धत लागेल. मेकॅनिक म्हणेल, नॅसमध्ये ते चालू करा. करू नका. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर जगभर पसरलं ते विंडोजमधल्या त्याच जुन्या दरवाजातून. मशीनसाठी नॅसवर एफटीपीचं वेगळं खातं काढा आणि त्याला फक्त 'स्कॅन' फोल्डरचा परवाना द्या. उलट बाजूनं, विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून पासवर्डविना 'गेस्ट' म्हणून नॅसमध्ये शिरता येत नाही. ऑफिसातला एक पीसी अपडेट झाला आणि "झेड ड्राइव्ह गेला" अशी ओरड झाली तर बहुधा हेच कारण. प्रत्येकाला नाव-पासवर्ड दिलेले असतील तर हा प्रश्न येतच नाही.

आणि एक खास आपल्या लिपीचं दुखणं. फायलींना मराठीत नावं देत असाल, आणि जरूर द्या, तर लांबीकडे लक्ष ठेवा. लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षर एका बाइटचं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी मोजली जातात. म्हणजे मोजून ८५ चिन्हं. सायनॉलॉजीवर फोल्डर कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट केला तर ही मर्यादा १४३ बाइटवर येते. 'आयकर विवरणपत्र आकारणी वर्ष २०२४-२५ अंतिम सही केलेले' हे नाव पीडीएफच्या शेपटीसकट १४१ बाइट भरतं. पुढं कुणी 'नवीन' जोडलं की फाइल कॉपी होणार नाही, आणि विंडोज त्याचं कारण धड सांगणार नाही. एका वकिलांच्या ऑफिसात या एका गोष्टीवर मी दोन दिवस घालवलेत. डीएसएम ७.२ पासून काही मॉडेलांत आख्खा व्हॉल्यूमच एन्क्रिप्ट करता येतो, तिथं ही कपात नाही. क्लायंटचा डेटा असल्यानं तुम्ही तोच मार्ग धरा.

घरून नॅस उघडायची इच्छा तुम्हाला होणारच. रिटर्न भरायच्या शेवटच्या आठवड्यात तर रोज. तेव्हा कुणीतरी राउटरमध्ये 'पोर्ट फॉरवर्ड' करून देईल आणि पाच मिनिटांत नॅस जगासमोर उघडा पडेल. २०२१ च्या एप्रिलात क्यूलॉकर नावाच्या रॅन्समवेअरनं असे उघडे क्यूनॅप शोधून त्यातल्या फायली सेव्हन-झिपनं पासवर्ड लावून बांधल्या. त्याच वर्षी जूनमध्ये जगभरातल्या लोकांनी सकाळी उठून पाहिलं तर त्यांचे वेस्टर्न डिजिटलचे 'माय बुक लाइव्ह' नॅस कोरे झालेले, आत काही नाही. त्या उपकरणाला कंपनीनं २०१५ नंतर अपडेटच दिलं नव्हतं. २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरनं पुन्हा क्यूनॅप धरले आणि प्रत्येकाकडे ०.०३ बिटकॉइन मागितले. या सगळ्यांत दार उघडं असणं हा समान दुवा होता. घरून जायचंच तर व्हीपीएननं, म्हणजे इंटरनेटमधून काढलेल्या खासगी बंद वाटेनं, जा. टेलस्केल हे त्याचं सॉफ्टवेअर नॅसवर आणि लॅपटॉपवर टाकलं की झालं, पोर्ट उघडावं लागत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच फायबर जोडण्यांवर कंपनी स्वतंत्र आयपी न देता अनेकांना एकाच पत्त्यामागे बसवते, तिथंही ते चालतं. राउटरमधलं 'यूपीएनपी' (आपोआप पोर्ट उघडून देणारी सोय) बंद करा, नॅसचं 'अ‍ॅडमिन' नावाचं खातं बंद करून दुसऱ्या नावानं काढा, आणि मोबाइलवरच्या कोडची दुसरी पायरी लावा.

लाइट. नॅसला सर्वांत जास्त त्रास आपल्याकडे लाइट जाण्याचा, आणि त्याहून जास्त ती परत येण्याचा. तुमच्या ऑफिसात इन्व्हर्टर असेलच, पण त्याचं मागचं बटण 'यूपीएस मोड'वर नसेल तर बदलाबदलीच्या क्षणात नॅस बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि त्या क्षणी जे लिहिणं चालू असेल ते लोंबकळतं. यूएसबी पोर्ट असलेला छोटा यूपीएस घ्या आणि ती केबल नॅसला लावा. बॅटरी संपत आली की नॅस स्वतः नीट बंद होतो. यूएसबी पोर्ट हाच यात मुद्द्याचा भाग, आणि स्वस्त यूपीएसात नेमका तोच नसतो. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून तपासून घ्या. दोन डिस्कच्या पेटीला बहुतेक बाहेरचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर असतो. माझ्या अनुभवात डिस्कच्या आधी तोच जातो. एक जादा आणून ठेवा. विजेचं बिल ही काळजी करण्यासारखी गोष्ट नाही: अशी पेटी २० वॉटच्या आसपास खाते, म्हणजे महिन्याला १४-१५ युनिट.

नॅस ठेवायचा कुठं? जमिनीवर नको. तुम्ही गावभागात आहात, तुम्हाला २०१९ चा ऑगस्ट सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ फुटांपर्यंत. त्या महिन्यात माझ्याकडे चिखलानं भरलेल्या अकरा डिस्क आल्या. त्यांतल्या तीन नॅसच्या होत्या, म्हणजे रेडमधल्या, म्हणजे 'सुरक्षित'. मुख्य डिस्क आणि शेजारीच कपाटात ठेवलेली बॅकअपची यूएसबी डिस्क एकाच पाण्यात बुडाल्या होत्या.

तेव्हा माझी मांडणी अशी. एक प्रत ऑफिसच्या नॅसवर, स्नॅपशॉटसह. दुसरी घरी, विश्रामबागला. तिथं एका डिस्कची छोटी पेटी ठेवा, रोज रात्री ऑफिसचा नॅस तिच्याकडे बदललेला डेटा पाठवेल. तिसरी शहराबाहेर: क्लाउडवर, मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये, जाण्याआधी नॅसवरच एन्क्रिप्ट करून. ४०० जीबी पहिल्यांदा चढवायला १०० मेगाबिटचा अपलोड पूर्ण मिळाला तरी नऊ तास लागतात. प्रत्यक्षात दोन-तीन रात्री धरा. पुढं रोज काही मिनिटं. त्या एन्क्रिप्शनची किल्ली कागदावर छापून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. ती फक्त नॅसवरच ठेवली तर नॅस बुडाल्यावर क्लाउडवरची प्रत नुसती बघत बसायची.

घरच्या पेटीत मुद्दामच एक डिस्क म्हणालो. घरासाठी लोक दोन डिस्कचा नॅस घेतात, रेड १ लावतात आणि तिथंच थांबतात. त्यापेक्षा एका डिस्कचा नॅस आणि त्याची दर आठवड्याला भरणारी, एरवी कपाटात असणारी यूएसबी डिस्क, ही जोडी मला केव्हाही जास्त पसंत. मुलानं चुकून फोल्डर उडवला तर कपाटातली डिस्क कामाला येते, रेड १ मधली आरशासारखी नक्कल नाही. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा बंद झाली, तेव्हापासून घरगुती नॅसची चौकशी माझ्याकडे खूपच वाढली. फोटो आपोआप नॅसवर चढवणारं अ‍ॅप नॅसच्या कंपनीचंच मिळतं, ते चांगलं चालतं. फक्त आयफोनवर ते अधूनमधून उघडावं लागतं, नाहीतर मागच्या मागे झोपतं. फोटो नॅसवर चढल्याबरोबर फोनमधून पुसू नका. दुसरी प्रत झाल्याची खात्री करा, मग पुसा.

म्हणजे तुमच्या एक लाख दहा हजारांत काय बसतं बघा: स्नॅपशॉट असलेली दोन डिस्कची पेटी, ४ टीबीच्या दोन डिस्क, घरची छोटी पेटी तिच्या डिस्कसकट, यूएसबीवाला यूपीएस, स्विच आणि क्लाउडचं पहिलं वर्ष. किमती सध्या वर-खाली होतायत, त्यामुळे नेमकी बेरीज मी करत नाही, पण चार डिस्कच्या कोटेशनपेक्षा ही जास्त व्हायचं कारण नाही.

आणि परत मिळवून बघायचं. अ‍ॅडव्हान्स टॅक्सच्या चार तारखा तुमच्या अंगवळणी पडलेल्या आहेत: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. त्या प्रत्येकीनंतरच्या शनिवारी एखाद्या क्लायंटचा फोल्डर घरच्या पेटीतून आणि दुसऱ्या कुणाचा क्लाउडवरून परत आणा, फायली उघडून बघा, टॅलीची एक कंपनी चालवून बघा. हे काम पार्टनरनं करावं, आर्टिकलवर सोपवू नये. एका ठिकाणी दोन वर्षं रोज 'बॅकअप यशस्वी' असा ईमेल येत होता आणि बॅकअप होत होता एका रिकाम्या फोल्डरचा, कारण मूळ फोल्डरचं नाव कुणीतरी बदललं होतं.

हे सगळं जुळवायला तुम्हाला दोन-तीन आठवडे लागतील आणि तोवर तुमचे ४०० जीबी त्या जुन्या पीसीवरच आहेत, एकुलते एक. म्हणून आज संध्याकाळी ऑफिस बंद करताना एक १ टीबीची यूएसबी डिस्क आणा, सगळ्यांनी टॅली बंद केल्यावर आख्खा फोल्डर तिच्यावर कॉपी करा, वर आजच्या तारखेची चिठ्ठी लावा आणि घरी जाताना ती बॅगेत टाकून न्या.